कृतज्ञतेची वही: दोन आठवड्यांनी तेच तेच येऊ लागले तर काय करावे?

चोडणची_फेरी (प्रश्न)

रात्री झोपण्याआधी दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहायच्या, ही पद्धत इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. पहिले आठ-दहा दिवस ती छान चालते. पुढे 'तब्येत ठीक, घरचे सुखरूप, वेळेवर जेवण' याच तीन ओळी रोज उतरू लागतात आणि लिहून काही वाटेनासे होते. या विषयाची नीट माहिती असलेल्यांना विचारायचे आहे:

नोंद रोज करावी की आठवड्यातून एकदा? एका वेळी किती गोष्टी? आठवडा अगदीच साधा असेल, म्हणजे सकाळी चोडण बेटावरून फेरीबोट, पणजीत ऑफिस, येताना मार्केट आणि रात्री घर, तर त्यात लिहिण्यासारखे शोधायचे कसे? घरातल्या वयस्कर माणसांना लिहायचा कंटाळा असतो, त्यांच्यासोबत तोंडी केले तर चालते का?

'सकारात्मक राहा' छापाची उत्तरे नकोत, ती व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी फुलांसकट येतात. काय, किती, कधी आणि कुठे बिघडते, एवढे सांगा.

माडाखालचा

तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण खरा बिघाड तिथे आहे. तब्येत, घर, जेवण या घटना नाहीत, ती नुसती शीर्षके आहेत. शीर्षक सोमवारी असते तेच शनिवारी असते, म्हणून वही कंटाळवाणी होते. घटनेला वार असतो, वेळ असते, जागा असते आणि बहुतेक वेळा एखादे माणूस असते. 'प्रवास सुखाचा झाला' असे लिहू नका. 'मंगळवारी सव्वाआठ, चोडण धक्का, रॅम्प उचलायला घेतला होता तरी धावत येणारा माणूस पाहून खलाशाने तो थांबवला' असे लिहा. अशी ओळ पुढच्या मंगळवारी जशीच्या तशी येऊच शकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे 'कशामुळे'. हा भाग बहुतेक जण गाळतात, आणि मूळ पद्धतीत तो होता. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी 2005 साली छापलेल्या प्रयोगात लोकांना आठवडाभर रोज रात्री तीन बऱ्या गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या, आणि प्रत्येकीपुढे ती का घडली हेही लिहायचे होते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना 'तीन गोष्टी' तेवढ्या उरल्या, कारण गळून पडले. सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंपू वाजला आणि गरम उंडे (गोल पाव) मिळाले, ही झाली घटना. कशामुळे? कोणीतरी पीठ आदल्या दिवशीच मळून ठेवले, आपण झोपेत असताना भट्टी पेटली, पाऊस असूनही पाटीवर प्लास्टिक बांधून तो आपल्या वाड्यापर्यंत आला. कारण शोधताना साध्या आठवड्यातही पाच-सहा माणसे दिसू लागतात. साधा आठवडा म्हणजे ज्यात खूप लोकांनी आपापले काम वेळेवर केले तो.

आता प्रत्यक्ष मांडणी. आठवडाभर वही उघडूच नका. स्वयंपाकघरातल्या ज्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतो, त्याच चौकोनात त्या दिवसाचे दोन-तीन शब्द टाका: 'खलाशी थांबला', 'सुटे पैसे', 'लाइट 20 मिनिटांत'. यापेक्षा जास्त नाही, जागाच नसते. पेन दोरीने खिळ्याला बांधून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी पेन सापडत नाही आणि सगळे तिथेच थांबते. ही खूण महत्त्वाची अशासाठी की रविवारी मागे वळून पाहिले तर शुक्रवार-शनिवार तेवढे आठवतात आणि त्यातही भांडण आधी आठवते. वाईट गोष्ट चांगलीपेक्षा मनात जास्त ठसते, यावर मानसशास्त्रात भरपूर काम झालेले आहे.

रविवारी दुपारी जेवण आणि झोप झाल्यावर पंधरा मिनिटे काढा. चौकोनातल्या आठ-दहा खुणांपैकी फक्त तीन निवडा. प्रत्येकीला चार-पाच ओळी द्या: काय झाले, कोणी केले, कशामुळे झाले, आणि झाले नसते तर. साधी शंभर पानी वही पुरते. सजवलेली वही आणू नका, तिच्यात सामान्य गोष्ट लिहायला हात धजत नाही.

तीनच का? जास्त मागितले की मन उलटा निष्कर्ष काढते. नॉर्बर्ट श्वार्त्झ यांच्या 1991 च्या प्रयोगात लोकांना आपण ठामपणे वागलो असे प्रसंग आठवायला सांगितले, काहींना सहा, काहींना बारा. बारा आठवताना दमछाक झालेल्यांनी स्वतःला कमी ठाम ठरवले. प्रसंग जास्त सांगूनही! विषय वेगळा असला तरी वहीत हेच होते. दहा गोष्टी काढायला बसलात तर सातव्यापाशी 'माझ्याकडे फारसे काही नाहीच' असे वाटू लागते.

हिशेबनीस

वरचे बहुतेक पटते, पण रोज की आठवड्यातून एकदा याचे उत्तर राहिले, आणि ते सरळ नाही.

रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलॉ यांचा 2003 चा अभ्यास या विषयात सगळ्यात जास्त सांगितला जातो. त्यात एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या भागात साधारण दोन आठवडे रोज लिहिले, आणि कृतज्ञतेची भावना रोजच्या लेखनात जास्त जाणवली. मग 2005 मध्ये सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी सहा आठवड्यांचा प्रयोग मांडला: आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. दोन्ही शेजारी ठेवले तर व्यवहारात असे करता येते: सुरुवातीचे दोन आठवडे रोज, नजर तयार होईपर्यंत, आणि पुढे फक्त रविवारी. तुमची वही ज्या टप्प्यावर कंटाळवाणी होते, नेमका तोच बदलायचा टप्पा आहे.

अपेक्षाही बेताची ठेवा. 2003 च्या अभ्यासात कृतज्ञता लिहिणाऱ्यांची तुलना त्रास लिहिणाऱ्यांशी केली की फरक मोठा दिसतो. पण कुठल्याही घडामोडी लिहिणाऱ्यांशी केली की तो लहान होतो. नंतर अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्यांनाही साधारण असेच दिसले: थोडा फायदा आहे, चमत्कार नाही. नैराश्याचे उपचार चालू असतील तर ही वही गोळीची किंवा समुपदेशनाची जागा घेत नाही. आणि घरात कोणी नुकते गेले असेल तर त्या माणसाच्या हातात वही देऊ नका. त्याला ती परीक्षा वाटते.

आणखी एक धोक्याची खूण, जी फार कमी ठिकाणी लिहिलेली असते. वहीत 'आज ते ओरडले नाहीत', 'आज साहेबांनी सगळ्यांसमोर अपमान केला नाही' अशा ओळी येऊ लागल्या तर थांबा. ते आभार मानण्याचे विषय नाहीत. ती तक्रार आहे, तिला तक्रारीसारखेच वागवले पाहिजे.

चोडणची_फेरी

शेवटच्या मुद्द्यावरून एक शंका. फेरी सरकारी, खलाशाला पगार मिळतो, पोदेराला आपण पैसे देतो. मग आभार कसले? घरी हाच वाद होतो.

माडाखालचा

सेवा आपल्या हक्काची, तिच्याबद्दल लिहू नका. हक्काच्या वर जे घडले ते लिहा. फेरी येणे हे कर्तव्य, धावत येणाऱ्यासाठी रॅम्प थांबवणे हे त्या माणसाने त्या क्षणी ठरवले. नुस्तेंवालीने (मासेवालीने) मोजून दहा बांगडे दिले तो सौदा, अकरावा हसत वर टाकला तो वहीचा. आणि फेरी तासभर आली नाही तर नदी परिवहन खात्याकडे तक्रार करा, बिनधास्त. वही लिहिणाऱ्याने तक्रार करू नये असा काही नियम नाही. उलट तक्रार जिथे जायला हवी तिथे गेली की रविवारी ती पानावर सांडत नाही.

'झाले नसते तर' या ओळीबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण साध्या आठवड्यात सर्वात कामाची तीच. मिंक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवले की चांगली गोष्ट कशी घडली हे लिहिण्यापेक्षा ती कशी घडलीच नसती हे लिहिल्यावर लोकांना अधिक बरे वाटले. आपला नवरा किंवा बायको आपल्याला कशी भेटली हे लिहिणारे एकीकडे, आणि भेटलीच नसती कशी हे लिहिणारे दुसरीकडे. दुसऱ्यांचे समाधान जास्त. आधी विचारले तर लोकांना हा अंदाज येत नाही.

फक्त यात घसरण्याची एक जागा आहे. 'झाले नसते तर' याचा अर्थ 'अपघात झाला असता तर' असा घेऊ नका, तो मार्ग काळजीकडे जातो आणि रविवारची झोप उडते. नुसती ती गोष्ट काढून घ्या. लाइटवाला आला नसता तर? फ्रिजमधले मासे फुकट, पंप बंद, टाकीत पाणी नाही. इथेच थांबा.

हीच गोष्ट कागदाऐवजी प्रत्यक्षात करायची तर गोव्यात वेगळी सोय करायला नको, पंचांग आणि सरकार दोघांनी ती करून ठेवली आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. त्यानंतर श्रावण, ज्यात बऱ्याच हिंदू घरांत चवथ (गणेशचतुर्थी) होईपर्यंत नुस्ते (मासे) शिजत नाही. एरवी सोमवार-गुरुवार सोडले तर रोज ताटात असलेली माशांची कढी इतके दिवस दिसत नाही, आणि चवथीनंतरच्या पहिल्या ताटावर कोणाला कृतज्ञता शिकवावी लागत नाही. 2013 मध्ये जॉर्डी क्वाद्बाक आणि एलिझाबेथ डन यांनी हेच चॉकलेटवर तपासले: आठवडाभर चॉकलेट न खाल्लेल्यांना ते नंतर जास्त रुचले, आणि मुबलक खाल्लेल्यांना कमी. म्हणून महिन्यातून एक आठवडा वहीला सुट्टी द्या आणि त्या आठवड्यात सवयीची एक छोटी गोष्ट सोडा: संध्याकाळचा चहा, स्कूटर, पंखा (मे महिन्यात पंखा सोडू नका, तो हट्टीपणा झाला). एका वेळी एकच. दोन सोडल्या की चिडचिड वाढते आणि काय कशामुळे झाले ते कळत नाही.

शेजारधर्म

वही ठीक, पण त्या खलाशाला हे कळले का? चार रविवारांतून एकदा तरी वहीतले एक नाव निवडून त्या माणसाला सांगायला हवे. आपल्याकडे शेजाऱ्याला, दुकानदाराला उघड आभार मानणे जरा नाटकी वाटते, म्हणून लोक टाळतात. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोघा संशोधकांनी 2018 मध्ये हे मोजले आहे: आभाराचे पत्र लिहिणाऱ्यांना वाटले होते की वाचणारा अवघडेल. प्रत्यक्षात वाचणारा अंदाजापेक्षा कमी अवघडला आणि अंदाजापेक्षा जास्त आनंदला.

सांगायची रीत अशी. 'तुम्ही फार चांगले आहात' नको, त्यावर माणूस काय बोलणार? केलेले काम सांगा, त्याचा परिणाम सांगा, आणि निघा. 'मंगळवारी तुम्ही रॅम्प थांबवलात, त्यामुळे पणजीची मीटिंग मिळाली. देव बरें करूं.' संपले. दोन वाक्यांच्या पुढे गेलात तर त्याला वाटते आता काहीतरी मागणार.

लगेच हातात नारळ किंवा मिठाईचा बॉक्सही देऊ नका. आभाराबरोबर वस्तू आली की समोरचा परतफेडीच्या हिशेबात शिरतो, आणि पुढच्या वेळी तुम्हीही. आपल्या समाजात उपकाराचे ओझे लवकर चढते. परतफेडीची अपेक्षा दिसली की कृतज्ञता उतरते आणि देणेकरीपणा वाढतो, हे अभ्यासांतही दिसले आहे. चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) चवथीलाच द्या, त्या सगळ्यांनाच जातात.

चोडणची_फेरी

हे नेमके हवे होते. वयस्कर माणसांचे तेवढे राहिले. 'कृतज्ञता' म्हटले की आई लगेच 'देवाच्या कृपेने सगळे बरे' म्हणते आणि विषय संपतो.

हिशेबनीस

कारण तुमचा प्रश्नच असा आहे की त्याचे तेच उत्तर येते. भाव विचारू नका, घटना विचारा. 'आज कोण आले होते?', 'बाजारात कोणी सामान उचलून दिले?', 'फोन कोणाचा आला?' नाव आले की दुसरा प्रश्न 'का आली होती ती?' आणि तिसरा 'ती नसती आली तर मग काय केले असते?' तीन प्रश्न, पाच मिनिटे, झाले.

वेळ दिवेलागणीनंतर, सोप्यावर बसलेले असताना, मालिका सुरू होण्याआधीची. मालिका सुरू असताना विचारलेत तर उत्तर 'बरें' एवढेच मिळेल. समोर वही काढून लिहायला बसू नका, मुलाखत दिल्यासारखे आवाज बदलतो. ऐकलेले नंतर तुम्हीच कॅलेंडरच्या चौकोनात टाका, आईच्या खुणा वेगळ्या शाईत.

आणि 'देवाच्या कृपेने' आले तर ते खोडून काढायला जाऊ नका. 'बरोबर, पण कोणाच्या हातून?' एवढे विचारा.