मदत हवी आहे : समिती सदस्याने शाळेच्या खर्चाचा हिशेब कसा मागायचा?

मुलीच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर यंदा मी पालक सदस्य आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला. कागदावर सगळं चोख. बैठकीत मात्र रजिस्टर फिरतं, सह्या होतात, चहा होतो. परवाचं इतिवृत्त तर वर कोरं, खाली सह्यांच्या रेघा तेवढ्या आखलेल्या! संयुक्त शाळा अनुदानातले (शाळेला वर्षाच्या खर्चासाठी मिळणारा सरकारी निधी) किमान १० टक्के स्वच्छतेसाठी असतात म्हणे, आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही. मी सही केली नाही. सर नाराज.

कॅशबुक, पासबुक सदस्य म्हणून थेट पाहायला मागता येतं का, की माहिती अधिकारात अर्ज टाकावा लागेल? शाळा विकास आराखड्यात कडी-दुरुस्तीसारखं काम कुणी घालून घेतलंय का? अर्जाचा नमुना असल्यास टाका. सरांशी वाकडं नकोय, मुलगी अजून तिथेच शिकतेय.