शब्दचर्चा : सागरी बर्फ ‘विरघळला’, ‘वितळला’ की नुसता ‘सरकला’?

प्रश्न : एक लेख तपासतोय. त्यात वाक्य आहे, ‘ऑगस्ट २०१२च्या चक्रीवादळाने आर्क्टिकमधले हिमनग विरघळवले.’ ‘हिमनग’ खटकतंय. बाकीचं चालेल का?

– ‘हिमनग’ काढाच. हिमनग म्हणजे जमिनीवरच्या हिमनदीचा तुटून समुद्रात आलेला कडा, गोड्या पाण्याचा. इथे विषय समुद्राचंच पाणी उणे १.८ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठून तयार होणाऱ्या थराचा आहे. ‘सागरी बर्फ’ लिहा. ‘सागरी हिम’ही वाचलंय, पण या बर्फावर वरून हिम पडतं, ते वेगळं सांगावं लागतं, तेव्हा पंचाईत होते. आणि विरघळतं ते मीठ, बर्फ वितळतो. बोलताना आपण सगळेच ‘विरघळला’ म्हणतो, छापताना नको.

– ‘चक्रीवादळ’ म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर उष्ण कटिबंधातलं वादळ येतं. ध्रुवाकडच्यासाठी भूगोलाच्या पुस्तकांतला ‘आवर्त’ नेमका आहे. जड वाटत असेल तर नुसतं ‘वादळ’ लिहा. फक्त ‘कमी दाबाचा पट्टा’ नको. बातम्यांनी तो इतका घोटलाय की वाटोळ्या क्षेत्रालाही पट्टाच म्हणतात!

– माझा आक्षेप क्रियापदावर आहे, आणि ‘वितळला’ केल्यानेही तो जात नाही. वादळ बर्फाला ढकलतं, फोडतं, पांगवतं. वादळात वितळवण्याचं काम बहुतेक खालचं पाणी करतं.

नॉर्वेचा ध्रुवशोधक नान्सेन याचं ‘फ्राम’ जहाज आर्क्टिकमध्ये १८९३ ते १८९६ बर्फात अडकून वाहत होतं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता २० ते ४० अंश उजवीकडे सरकतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे हे होतं. गणित पुढे स्वीडनचा शास्त्रज्ञ एकमन याने मांडलं. आता उत्तर गोलार्धातला आवर्त घ्या. वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, बर्फ त्यांच्या उजवीकडे जातो, म्हणजे केंद्रापासून बाहेर. बर्फ पांगतो. प्रत्यावर्तात, म्हणजे जादा दाबाच्या क्षेत्रात, उलट : बर्फ आत ढकलला जातो, दाटतो.

आता सागरी बर्फ किती पसरलाय हे सांगणारा ‘विस्तार’ हा शब्द बघा. उपग्रहाच्या नोंदींत २५ किलोमीटर बाजूचा चौकोन धरतात. त्यात १५ टक्के बर्फ असला तरी अख्खा चौकोन, ६२५ चौरस किलोमीटर, विस्तारात जमा. १६ टक्के असेल तर खरा बर्फ १०० चौरस किलोमीटर, विस्तार मात्र ६२५. १४ टक्क्यांवर आला की विस्तार शून्य. म्हणजे वाऱ्याने बर्फ पांगला तर एक कणही न गोठता विस्तार वाढू शकतो, दाटला तर एक थेंबही न वितळता घटतो. म्हणून ‘विस्तार’ आणि ‘क्षेत्रफळ’ एकमेकांच्या जागी वापरू नयेत. ‘बर्फ घटला’ हे तर त्याहून मोघम, कारण त्यात जाडीही आली.

– मग २०१२चं वादळ निर्दोष?

– तसं नाही. ते सायबेरियावर तयार होऊन आर्क्टिक महासागरात शिरलं, ६ ऑगस्टच्या सुमारास केंद्रातला दाब ९६६ हेक्टोपास्कलच्या आसपास उतरला. बर्फ आधीच पातळ होता, त्याचे तुकडे झाले, लाटांनी खालचं उबदार पाणी वर घुसळलं आणि तळाकडून वितळणं वाढलं. सप्टेंबरात विस्तार सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर झाला, उपग्रहनोंदींतला नीचांक. पण नंतर संगणकी प्रारूपं चालवून पाहिली तेव्हा वादळाशिवायही विक्रम मोडला असता असं दिसलं. म्हणून तुमचं वाक्य असं करा : ‘ऑगस्ट २०१२च्या वादळाने आर्क्टिकमधला आधीच पातळ झालेला सागरी बर्फ फोडला आणि त्याचं वितळणं वेगावलं.’

खरं तर जून-जुलैत घातक असतो तो शांत, निरभ्र जादा दाब. सूर्य मावळत नाही, आडवं यायला ढग नाही. २००७च्या उन्हाळ्यात अलास्काच्या उत्तरेकडच्या ब्यूफोर्ट समुद्रावर असाच जादा दाब ठाण मांडून होता. त्या मोसमातला आवर्त उलट ढग आणतो, कधी हिमही पाडतो. बर्फाला तेवढाच आडोसा. हिवाळ्यात मात्र तोच आवर्त दक्षिणेकडची उबदार, दमट हवा आणून गोठणं मंदावतो. मथळ्यांत दरवेळी ‘वादळाचा तडाखा’ कशाला?

– वारा बर्फ वाढवतो, असं कुठे लिहिता येईल का?

– अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर, अगदी निःशंकपणे. तिथल्या पठारावरून उतरणारे थंडगार वारे नुकता गोठलेला बर्फ समुद्रात लोटतात. उघडं पडलेलं पाणी लगेच गोठतं, तोही थर लोटला जातो, पुन्हा नवा. रॉस समुद्रातल्या टेरा नोव्हा उपसागरात हे हिवाळाभर चालतं. अशा मोकळ्या पाण्याला ‘पॉलिन्या’ म्हणतात, शब्द रशियन. मराठीत तोच ठेवा. ‘हिमविवर’ सुचवलेलं पाहिलंय, पण त्याने हिमनदीतली भेग वाटते.