मदत हवी आहे: मंगोल सेनानी हुलागू सीरियातून मागे का फिरला?

ऐन जालुतच्या लढाईवर (३ सप्टेंबर १२६०; इजिप्तच्या मामलुकांनी मंगोलांना हरवलं ती) अभ्यासमंडळात बोलायचं आहे आणि एकाच जागी अडकलो आहे. जानेवारी १२६० मध्ये अलेप्पो पडलं, मार्चमध्ये दमास्कस शरण आलं, आणि हुलागू बहुतेक फौज घेऊन अझरबैजानकडे वळला. मागे त्याचा सेनापती केतबुगा, हाताशी दहा-वीस हजार स्वार.

नेहमीचं उत्तर असं, की ऑगस्ट १२५९ मध्ये मंगोल सम्राट मोंगके खान, हुलागूचा भाऊ, चीनच्या मोहिमेत वारला, म्हणून हुलागू वारसाहक्कासाठी परतला. पण तो मंगोलियाला गेलाच नाही! उलट १२६२ मध्ये फ्रान्सच्या नवव्या लुईला पाठवलेल्या पत्रात तो स्वतः चारा संपल्याचं सांगतो. मला हेच जास्त पटतं. एका स्वारामागे पाच घोडी धरा, लाखभर स्वार धरा, आणि सीरियातलं उन्हाळ्यात करपलेलं गवत डोळ्यांसमोर आणा. (पत्र पराभवानंतरचं आहे, हे ध्यानात आहे.)

चाऱ्याच्या हिशेबाचे इंग्रजी लेख वाचून झालेत, ते नकोत. फारसी-अरबी येत नाही. हवंय ते एवढंच: मोंगकेच्या मृत्यूची बातमी हुलागूला नेमकी कुठे आणि कधी मिळाली, याबद्दल त्या काळातली फारसी किंवा अरबी साधनं काय म्हणतात?