शिकारी जहाज पुन्हा देवमाशांत न्यावं का?

दर्यासखी:
गेल्या उन्हाळ्यात लागोपाठ दोन दिवस दोन गोष्टी पाहिल्या, तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. पहिल्या दिवशी अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या मिस्टिक सीपोर्ट संग्रहालयात ‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ हे तीन डोलकाठ्यांचं लाकडी जहाज पाहिलं. दुसऱ्या दिवशी केप कॉड द्वीपकल्पाच्या टोकावरच्या प्रॉव्हिन्सटाउनहून बोटीने ‘स्टेलवॅगन बँक’ या समुद्रातल्या उथळ भागात गेले आणि हंपबॅक देवमासे पाहिले.

मॉर्गन बांधलंच होतं देवमासे मारायला. १८४१ मध्ये ते न्यू बेडफर्डला पाण्यात उतरलं, १९२१ पर्यंत त्याने ३७ सफरी केल्या आणि ५४ हजारांहून जास्त पिंपं तेल आणलं. अमेरिकेच्या त्या शिकारी ताफ्यातलं एवढं एकच लाकडी जहाज आज शिल्लक आहे. २००८ मध्ये संग्रहालयाच्याच गोदीत त्याची मोठी डागडुजी सुरू झाली. २०१३ मध्ये ते पुन्हा पाण्यात आलं आणि २०१४ च्या उन्हाळ्यात अडतिसाव्या सफरीवर निघालं. त्या सफरीत ते स्टेलवॅगनलाही गेलं. जवळपास हंपबॅक वर आले. शिकारीला सोडत तशी वल्ह्यांची होडी जहाजावरून खाली सोडली, पण या वेळी कोणाच्या हातात भाला नव्हता.

माझं मत स्पष्ट आहे: हे करायलाच हवं होतं. डेकवर विटांची भट्टी आहे, तिच्यात दोन थोरल्या लोखंडी कढया. भर समुद्रात, लाकडी जहाजावर, तिथे देवमाशाची चरबी वितळवून तेल काढत. खालच्या मजल्यावर चरबीचे तुकडे करायची जागा इतकी ठेंगणी की मला मान ताठ करता आली नाही. पुढच्या बाजूला खलाशांची झोपायची फळकुटं, एकावर एक. मागे कप्तानाच्या खोलीत मात्र जहाज कललं तरी सपाट राहणारी झुलती खाट. हे सगळं डोळ्यांत असताना दुसऱ्या दिवशी बोटीजवळ एक हंपबॅक वर आला आणि त्याने श्वास सोडला. तो कुबट, मासळी वास आमच्यापर्यंत आला. नुसतं जहाज पाहिलं असतं तर सुतारकामाचं कौतुक करून परतले असते. नुसता देवमासा पाहिला असता तर फोटो काढले असते. एकाने दुसऱ्याचा अर्थ बदलला.

निळाई:
तुम्ही मनापासून लिहिलंय, पण मला हे पटत नाही. मॉर्गन हा तरंगता कत्तलखाना होता. संग्रहालयात ठेवा, भट्टी दाखवा, कढया दाखवा, माझी काहीच हरकत नाही. पण पांढरी शुभ्र शिडं लावून, बंदराबंदरात स्वागत घेत ते देवमाशांमध्ये न्यायचं? अशा वेळी माणसाला जहाजाचा डौल दिसतो, त्यावर काय झालं ते दिसत नाही. सौंदर्य इथे गुन्ह्यावर पांघरूण घालतं.

आणि ज्या पाण्यात हा सोहळा झाला, तिथेच उत्तर अटलांटिक राइट व्हेल या जातीचे देवमासे येतात. ते आज चारशेसुद्धा उरलेले नाहीत. ‘राइट’ हे नावही शिकाऱ्यांनी दिलं असं म्हणतात: संथ पोहतो, मेल्यावर तरंगतो, तेल भरपूर देतो, म्हणून मारायला हा ‘योग्य’. ज्यांच्या नावातच शिकार आहे त्यांच्या दारात शिकारी जहाज मिरवायला नको होतं.

जुनी वही:
निळाई, एक दुरुस्ती सुचवतो. मॉर्गनच्या सफरी मुख्यतः दूरच्या होत्या, पॅसिफिक आणि हिंदी महासागरापर्यंत, आणि मोठा भर स्पर्म व्हेल या जातीच्या देवमाशांवर. आकड्यांकडेही पाहा. विसाव्या शतकात जगभर मिळून सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले, आणि ते काम वल्ह्यांच्या होड्यांनी झालेलं नाही. इंजिनाची बोट, तोफेने उडणारा भाला आणि समुद्रातच मासा सोलणारी कारखाना-जहाजं यांनी ते केलं. शिडाच्या जहाजांनी जवळजवळ दोन शतकांत जेवढे स्पर्म व्हेल मारले, तेवढे विसाव्या शतकाने साठेक वर्षांत मारले. त्या कारखाना-जहाजांच्या नावाने मात्र कोणाला राग येत नाही, कारण ती डोळ्यांसमोर नाहीत. मॉर्गन जपलं गेलं म्हणून आज त्याच्याशी भांडता तरी येतं.

निळाई:
विसाव्या शतकाने जास्त मारले म्हणून एकोणिसाव्याचं ओझं हलकं होत नाही. आणि मी जहाज जाळा म्हणत नाहीये, ते समुद्रात नेण्याबद्दल बोलतेय. माझा मुद्दा तिथेच ठेवा.

रंधा:
मी लाकडाचं काम करतो. माझा विरोध वेगळ्याच कारणाने आहे. मला हे जहाज फार प्रिय आहे, म्हणूनच ते समुद्रात न्यायला नको होतं असं मी म्हणतो.

लाकडी जहाजाचा खरा शत्रू पावसाचं पाणी. खारं पाणी लाकडाला बरंचसं सांभाळतं, गोडं पाणी सांध्यांत मुरलं की कूज सुरू. त्यात दुसरं दुखणं: पुढचं आणि मागचं टोक जड, त्यांना खालून पाण्याचा आधार कमी, म्हणून वर्षानुवर्षं तरंगत राहिलं की दोन्ही टोकं खाली झुकतात आणि मधली पाठ वर येते. मॉर्गन १९४१ मध्ये मिस्टिकला आलं तेव्हा त्याला वाळूत बसवलं होतं आणि १९७३ पर्यंत ते तसंच होतं. असं म्हातारं शरीर लाटांवर घालायचं? सिएटलचं ‘वावोना’ आठवा. १८९७ चं लाकडी स्कूनर, म्हणजे शिडाचं जहाज, २००९ मध्ये तोडावं लागलं, कारण कूज पैशांच्या पुढे धावली. एक जहाज असं गेलं की पुन्हा मिळत नाही. उघड्या समुद्रातला एक वाईट दिवस आणि १८४१ चं जे काही उरलंय तेही गेलं असतं.

वारा पडला:
रंधा, तुमच्याच कामाच्या बाजूने उलट सांगते. बंदरात उभं राहणारं जहाज दिसायला नीट असलं की भागतं. समुद्रात जाणाऱ्या जहाजाचा प्रत्येक सांधा खरा लागतो. अडतिसावी सफर ठरली होती म्हणूनच तळापर्यंत उघडून काम झालं. लाइव्ह ओक हे जड, वाकडं वाढणारं लाकूड सहज मिळत नाही. कतरिना वादळात पडलेल्या झाडांचं लाकूड या कामासाठी आणलं गेलं. जहाजाच्या वळणाला शोभेल असं वाकलेलंच झाड शोधायचं, म्हणजे कापताना लाकडाचा धागा तुटत नाही. फटींत कापूस आणि दोर ठोकून बुजवायच्या. हे हात पुस्तक वाचून तयार होत नाहीत. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

रंधा:
हातांबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. ते मी नाकारत नाही. तो भाग वाचताना मलाच भरून आलं. तरी ते हात तयार करायला नवीन जहाज बांधा ना! मूळ लाकडाचा थोडाच भाग आता उरलाय, तळाचा कणा म्हणजे कील आणि त्याच्या आसपासचं. तेवढ्यासाठीच जिवाला घोर लागतो.

शांत पाणी:
सगळे जहाजाबद्दल बोलताय, मला बोटीबद्दल बोलायचंय, दर्यासखी दुसऱ्या दिवशी ज्या बोटीत बसल्या तिच्याबद्दल. देवमासा डोळ्यांपेक्षा कानांवर जगतो. ११ सप्टेंबर २००१ नंतर काही दिवस जहाजांची ये-जा एकदम कमी झाली होती. कॅनडाच्या बे ऑफ फंडीमध्ये तेव्हा पाण्यातला आवाज सहा डेसिबलने उतरला. त्याच काळात राइट व्हेलच्या विष्ठेचे नमुने गोळा केले जात होते, आणि त्यांतलं ताणाचं संप्रेरक कमी झालेलं दिसलं. २०१२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणजे आपण गप्प बसलो की त्यांना बरं वाटतं, हे मोजून कळलेलं आहे. मग ‘प्रेमाने पाहायला’ इंजिनं लावून रोज त्यांच्या जेवणाच्या जागी जायचं हे मला शिकारीचंच सौम्य रूप वाटतं. मी एकदा अशा बोटीत होतो. कप्तान ठरलेल्या अंतराच्या आत गेला, लोक ओरडत होते, पिल्लू आईच्या पलीकडच्या बाजूला गेलं. मला लाज वाटली. त्यानंतर गेलो नाही.

दर्यासखी:
तुम्ही पाहिलंत ते वाईटच होतं, त्याची बाजू मी घेणार नाही. पण सगळ्या बोटी तशा नाहीत. न्यू इंग्लंडच्या पाण्यात दोन मैलांपासूनच टप्प्याटप्प्याने वेग उतरवायची पद्धत आहे. हंपबॅकच्या १०० फुटांच्या आत जायचं नाही असं ठरलेलं आहे, आणि राइट व्हेलपासून ५०० यार्ड लांब राहणं तर कायद्यानेच. आमच्या कप्तानाने इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवलं होतं, अर्धा तास आम्ही तरंगत होतो.

दुसरं, या बोटींमुळे जे कळलं ते कसं विसरायचं? शेपटीच्या खालच्या पांढऱ्या-काळ्या नक्षीवरून एकेक हंपबॅक ओळखता येतो. ‘सॉल्ट’ नावाची मादी १९७० च्या दशकापासून ओळखीची आहे, तिची पिल्लं, पिल्लांची पिल्लं सगळी नोंदीत आहेत. १९८० मध्ये एक हंपबॅक आधी पाण्यावर शेपूट आपटून मग बुडबुड्यांचं जाळं विणून मासे धरताना दिसला. पुढे ती युक्ती बाकीच्यांनी एकमेकांकडून उचलली. हे शिकणं २७ वर्षांच्या नोंदींवरून सिद्ध झालं, आणि त्या नोंदी देवमासे दाखवणाऱ्या बोटींवरून घेतलेल्या होत्या. त्यांच्यात शिकणं-शिकवणं आहे हे मला कळलं नसतं, तर मॉर्गनच्या भट्टीजवळ मी इतकी हादरले नसते.

वारा पडला:
शांत पाणी, तुमच्या मुद्द्यावर एक वाट दिसते. आइसलँडच्या उत्तरेला हुसाविक इथे १९९५ पासून जुन्या ओकच्या मासेमारी बोटी दुरुस्त करून लोकांना देवमासे दाखवायला नेतात. त्यांच्या ‘ओपल’ नावाच्या स्कूनरला विजेची मोटर बसवली आहे, आणि शिडांवर चालताना पाण्याच्या जोराने तळाचा पंखा फिरून बॅटरी भरतो. मी तिच्यावर होते. मोटर बंद, शिडं अर्धी भरलेली, फक्त दोरांची कुरकुर. देवमासा दिसायच्या आधी त्याचा फुत्कार ऐकू आला. जुनं लाकडी जहाज आणि देवमासे यांचं नातं असंही असू शकतं.

शांत पाणी:
हे मात्र मला ठाऊक नव्हतं, आणि आवडलं. पण त्याच देशाने २००६ मध्ये व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली हेही लिहा. एका किनाऱ्यावर तिकीट काढून पाहायचं आणि दुसऱ्या किनाऱ्यावर मारायचं. तिथे शिडाच्या बोटीवर बसलेल्या पाहुण्याला कोणी विचारतं का, हे कसं चालतं?

वारा पडला:
विचारतात. बोटीवरच्या मुलीनेच आम्हाला सांगितलं, आणि तिचा आवाज चढला होता. माझ्या मते अशा बोटींचं पोट भरतं तोपर्यंत त्या देशात शिकारीच्या विरोधात बोलणारं, देवमाशावरच जगणारं कोणीतरी राहील.

जुनी वही:
एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मला दोन्ही बाजूंची वाटते. २००७ मध्ये अलास्काच्या स्थानिक शिकारीत एक बोहेड देवमासा मिळाला. त्याच्या मानेजवळ जुन्या स्फोटक भाल्याचा तुकडा रुतलेला होता. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा, न्यू बेडफर्डला बनलेला. म्हणजे मॉर्गन ज्या गावात बांधलं त्याच गावचं लोखंड अंगात घेऊन तो जीव शंभरेक वर्षं पोहत होता. आपण ‘इतिहास’ म्हणतो ते त्याच्या एका आयुष्यात मावलं होतं.

निळाई:
हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. माझं म्हणणं मी आता असं मांडते: जहाज जपा, दुरुस्त करा, ते हातही तयार होऊ द्यात. पण त्याला देवमाशांकडे नेऊन समेट झाला असं कोणी म्हणू नये. समेटाला दोन बाजू लागतात, आणि दुसऱ्या बाजूला कोणी विचारलेलं नाही.

दर्यासखी:
‘समेट’ हा शब्द मी मागे घेते. इथे लिहिला नव्हता, पण मनात तोच होता. सफर मात्र योग्य होती हे अजूनही म्हणेन. दर वर्षी व्हावी असं म्हणणार नाही, रंधांचा घोर मला कळलाय.

निळाई:
पुन्हा त्या बाजूला गेलात तर एप्रिलमध्ये जा. राइट व्हेल तेव्हा केप कॉडच्या उपसागरात अन्नासाठी येतात, आणि कधीकधी प्रॉव्हिन्सटाउनच्या रेस पॉइंट किनाऱ्यावरून दिसतात. बोट लागत नाही. दुर्बीण न्या आणि उबदार कपडे, वारा बोचरा असतो.

शांत पाणी:
किनाऱ्यावरून असेल तर मीही येईन.