परदेशी कंपनीची गाडी घेतली की देशाचं नुकसान होतं का? तुमचे अनुभव सांगा

मागच्या दसऱ्याला आमच्या घरात जे झालं, त्यावरून हा धागा काढतो आहे.

आमचे दादा, म्हणजे वडील, टेल्कोतून, म्हणजे पुढं टाटा मोटर्स झालेल्या कंपनीतून, निवृत्त झाले. चौतीस वर्षं पिंपरीच्या कारखान्यात. १९९८ च्या डिसेंबरात इंडिका बाजारात आली, तेव्हा आम्हां दोघा भावांना स्कूटरवर बसवून ते ती दाखवायला घेऊन गेले होते. तेव्हापासून घरात टाटाशिवाय दुसरी गाडी आली नाही. यंदा धाकट्या भावानं ह्युंदाई घेतली. दादा काही बोलले नाहीत. दसऱ्याला त्यांनी माझ्या नेक्सॉनची पूजा केली, आईच्या स्कूटरची केली, पुतण्याच्या सायकललासुद्धा झेंडूचा हार घातला आणि नव्या गाडीजवळून तसेच वर निघून गेले. पिशवीत अजून दोन हार होते. भावजयीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

संध्याकाळी मी दादांना खाली घेऊन आलो आणि गाडीचा चॅसिस नंबर दाखवला. हे नंबर वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं. टाटाचा 'एमएटी'नं सुरू होतो, ह्युंदाईचा 'एमएएल'नं, आणि सुरुवातीची 'एमए' ही दोन अक्षरं भारतात बनलेल्या गाडीची. त्यांनी अंगठ्यानं ती पट्टी पुसली, चष्मा वर करून वाचली आणि म्हणाले, "इथं जुळली हे मला माहीतच आहे रे. पण तिचं ड्रॉइंग कुणाच्या टेबलावर झालं? आणि फायदा कुठं गेला?"

या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. खरं तर माझी नेक्सॉनही रांजणगावच्या टाटा-फियाट भागीदारीच्या कारखान्यात जुळलेली. आणि लहानपणी जिला आपण 'आपली' गाडी म्हणायचो ती प्रीमियर पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००; वालचंद हिराचंदांच्या कंपनीनं परवाना घेऊन कुर्ल्यात बनवलेली. मला वाटतं, बॉनेटवरचं नाव फार थोडं सांगतं. गाडी कुठं जुळते, तिचे भाग कुठं ओतले जातात, नफा कुठं जातो आणि कंपनी इथं किती वर्षं टिकते, या प्रत्येकाचं उत्तर निराळं निघू शकतं. शेवटचा प्रश्न आमच्या पट्ट्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला, डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबलं, आणि आता त्याच जागेत ह्युंदाई आहे.

तुम्ही गाडी घेताना हा विचार केला होता का? तुमचं पोट या धंद्यावर असेल तर तुम्हाला काय दिसतं? टीव्हीवर ऐकलेलं नको, स्वतःचं लिहा.

शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर

आमची फाउंड्री आहे, म्हणजे लोखंड ओतून भाग बनवायचा कारखाना. आजोबांनी ऑइल इंजिनच्या कास्टिंगवर सुरुवात केली, आता बहुतेक काम गाड्यांचं. सकाळी भट्टी लागली की एकाच पाळीत एकीकडं देशी ट्रॅक्टरचं हाउसिंग ओतलं जातं आणि दुसरीकडं जपानी गाडीच्या ब्रेकचा ड्रम. लोखंड तेच, वाळू तीच, फेटलिंगला, म्हणजे ओतलेला भाग घासून साफ करायला, बसणारी माणसंही तीच. कास्टिंगवर फक्त पार्ट नंबर आणि कोणत्या ओतकामातला ते सांगणारा हीट कोड येतो. कुणाच्या गाडीत बसणार, हे ग्राइंडर मारणाऱ्या पोराला माहीतही नसतं.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. पहिल्यांदा एका परदेशी कंपनीचं काम घेतलं तेव्हा त्यांचा माणूस तीन दिवस आमच्याकडं बसला. वाळूतला ओलावा दर तासाला मोजायला लावला, तो फळ्यावर लिहायला लावला, चुकीचा आला की ओतकाम थांबवलं. वडील वैतागले होते. वर्षभरात आमचं रिजेक्शन, म्हणजे बाद होणारे भाग, आठ टक्क्यांवरून अडीचवर आलं. आज देशी कंपन्यांची कामं मिळतात ती त्या फळ्यामुळं मिळतात.

आणि दुसरी बाजू. आमचे पैसे सगळ्यात जास्त थकवले ते एका शंभर टक्के देशी कंपनीनं. चार-चार महिने. बिल थकलं म्हणून भट्टीची वीज थांबत नाही, गड्यांचा पगार थांबत नाही. आता आयकरात ४३बी(एच) कलम आल्यापासून लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर त्या वर्षी खर्चाची वजावट मिळत नाही, तेव्हा कुठं फरक पडलाय. देशप्रेम मोजायचं असेल तर माझ्या मते पुरवठादाराचं बिल किती दिवसांत निघतं ते आधी बघा.

डोंबिवली, लेखापरीक्षक

धागाकर्त्याच्या वडिलांचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्यामुळे फक्त त्यावरच लिहितो. फायदा कुठं जातो?

ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाई मोटर इंडियाचा आयपीओ, म्हणजे शेअरची पहिली जाहीर विक्री, आला. रक्कम २७,८७० कोटी रुपये, तोवरचा भारतातला सगळ्यात मोठा. माझ्या कित्येक अशिलांनी अर्ज भरले. प्रत्येकाला मी सांगितलं, यात कंपनी एकही नवीन शेअर काढत नाहीये. कोरियातली मूळ कंपनी आपल्याकडचा हिस्सा विकते आहे, म्हणजे तुमचा हा पैसा चेन्नईच्या किंवा तळेगावच्या कारखान्यात जाणार नाही, सोलला जाणार आहे. यात बेकायदा काहीच नाही. त्यांनी १९९६ पासून इथं पैसा घातला, त्याचं मोल वसूल केलं. पण "इथं बनते म्हणजे सगळं इथंच राहतं" असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मारुतीचंही तसंच. लोक तिला अजून सरकारी समजतात. सुझुकीचा हिस्सा सुरुवातीला २६ टक्के होता, आज निम्म्याहून जास्त आहे, आणि सरकार २००७ मध्ये पूर्ण बाहेर पडलं. लाभांशातला मोठा वाटा आणि वर रॉयल्टी, म्हणजे नाव आणि तंत्रज्ञान वापरण्याचे पैसे, जपानला जाते. तरीही उरलेले शेअर कुणाकडे आहेत? म्युच्युअल फंड, एलआयसी. म्हणजे तुमच्या-माझ्या एसआयपीत आणि विम्याच्या हप्त्यातही मारुतीचा तुकडा आहे.

आणि उलटा पैसाही येतो. टाटा मोटर्सनं २००८ मध्ये फोर्डकडून जग्वार-लँड रोव्हर २३० कोटी डॉलरला घेतली. ब्रिटनमधला कुणी 'आपली' लँड रोव्हर घेतो तेव्हा मालकाचा नफा मुंबईच्या हिशेबात येतो. त्याला तिथं कुणी देशद्रोही म्हणत नसावं.

मिशिगन, अमेरिका

मी डेट्रॉइटजवळच्या एका उपनगरात पंचवीस वर्षं राहतो. गाड्यांना भाग पुरवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. तुमच्याकडे आज जो वाद चालू आहे त्याचं टोक या गावानं पाहिलेलं आहे, म्हणून लिहितो.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी जुनी टोयोटा कॅमरी घेतली. ज्या ग्राहक कंपनीत कामासाठी जायचो तिथं पार्किंगच्या पुढच्या रांगा त्यांच्या स्वतःच्या गाड्यांसाठी, बाकीच्यांनी लांब मागे लावायची. जानेवारीच्या बर्फात लॅपटॉप छातीशी धरून ते अंतर चालताना जपानी गाडीचा हिशेब पायांना कळायचा. एकदा तिथल्या एका ज्येष्ठ फोरमननं मला शांतपणे विचारलं, "माझ्या भावाची नोकरी गेली, तुला हीच गाडी सापडली?" मी गप्प राहिलो. माझी कॅमरी केंटकीतल्या जॉर्जटाउनला बनली होती, १९८८ पासून तिथं बनते. त्याच पार्किंगमध्ये पुढच्या रांगेत मेक्सिकोत जुळलेल्या 'अमेरिकन' गाड्या उभ्या असायच्या. हे मला तेव्हा माहीत होतं. पण ज्याच्या भावाची नोकरी गेली आहे, त्याच्यासमोर ते बोलावंसं वाटलं नाही.

इथं नव्या गाडीच्या काचेवर कायद्यानं एक कागद लावावा लागतो. इंजिन कुठलं, गिअरबॉक्स कुठला, अमेरिका-कॅनडातले भाग किती टक्के, शेवटची जुळणी कोणत्या गावात. भारतात असा कागद सक्तीचा झाला तर निम्मा वाद मिटेल. उरलेल्या निम्म्याबद्दल मात्र मला काळजी वाटते. १९८२ मध्ये इथल्या मोटार उद्योगात मंदी होती, जपानी गाड्यांवर राग होता. त्या जूनमध्ये व्हिन्सेंट चिन नावाच्या २७ वर्षांच्या तरुणाला दोघांनी बेसबॉलच्या बॅटनं मारलं. चार दिवसांनी तो गेला. मारणाऱ्यांतला एक क्रायस्लरमध्ये सुपरवायझर होता. आणि व्हिन्सेंट जपानी नव्हताच, चिनी वंशाचा होता. त्या दोघांना राज्याच्या न्यायालयानं तीन वर्षांचं प्रोबेशन आणि तीन हजार डॉलर दंड ठोठावला, तुरुंग नाही. बाजारातला राग शेवटी कुणाच्या तरी चेहऱ्यावर जाऊन पडतो. घरातल्या भावजयीच्या डोळ्यांतलं पाणीही मला त्याच वाटेवरचं वाटलं, रागावू नका.

सातारा, हायवेलगतचं गॅरेज

मी अर्थशास्त्र शिकलो नाही. गाडी उघडल्यावर काय दिसतं ते सांगतो.

फियाटचं १.३ डिझेल इंजिन. तेच स्विफ्टमध्ये, तेच डिझायरमध्ये, तेच इंडिका व्हिस्टात, पुंटोत, लिनियात. गिऱ्हाईक बाहेर बाकावर बसून देशी-विदेशी भांडायचे आणि आत दोघांच्याही बॉनेटखाली मी तीच टायमिंग चेन बदलायचो. २०२० च्या एप्रिलला बीएस-सहा, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आले आणि ते इंजिन बंद झालं. पण त्या इंजिनानं माझ्यासारख्या किती गॅरेजवाल्यांना काम शिकवलं, त्याची मोजदाद नाही. त्याचे सुटे भाग आजही मिळतात, कारण ते बनवणारे इथंच तयार झाले.

आता तक्रार. माझ्या मेहुण्यानं एका परदेशी कंपनीची गाडी मोठ्या हौसेनं घेतली. कंपनीनं देशातला गाशा गुंडाळला. पुढच्या वर्षी त्याचा एक सेन्सर गेला. गाडी सात आठवडे माझ्या शेडमध्ये झाकून उभी, रोज सकाळी तिच्यावरची धूळ मीच पुसायचो. शेवटी दिल्लीहून जुन्या गाडीचा काढलेला पार्ट आणला. विकायला काढली तेव्हा निम्मी किंमतही आली नाही. देशाचं नुकसान किती झालं ते मोठी माणसं सांगतील, मेहुण्याचं झालं ते मी बघितलं. म्हणून मी गिऱ्हाइकाला एकच विचारतो: ही कंपनी दहा वर्षांनी इथं असेल असं तुम्हाला वाटतं का?

नाशिक

देशी म्हणून इलेक्ट्रिक गाडी घेतली, मनापासून आवडते. पण बॅटरी पॅक इथं बांधला तरी आतले सेल बाहेरूनच येतात, मुख्यतः चीनमधून. एप्रिल २०२५ मध्ये चीननं गाड्यांच्या मोटरमध्ये लागणाऱ्या दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले तेव्हा गाड्या बनवणाऱ्या आपल्या सगळ्याच कंपन्यांची धावपळ झाली. त्या वेळी नाव देशी असण्याचा काहीच उपयोग नव्हता. माझ्या मते खरी लढाई सेल आणि चुंबक इथं बनवण्याची आहे, लोगोची नाही.

छत्रपती संभाजीनगर

ऑक्टोबर २०१० मध्ये आमच्या शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. देशभर बातमी झाली. आमच्या ओळखीतले एक डॉक्टर त्यात होते, मी त्यांच्या गाडीला हार घालायला गेलो होतो. शहराची छाती फुगली होती, माझीही. मराठवाडा म्हटलं की दुष्काळ, ही ओळख त्या दिवशी पुसली गेल्यासारखी वाटली.

आज मात्र मला दुसरी बाजूही दिसते. त्या गाड्यांची जुळणी चाकणची, हे खरं. पण सुटे भाग पेटीत घालून आणायचे आणि इथं जोडायचे, यात इथलं काम किती? जोडणाऱ्याला पगार मिळाला, सरकारला कर मिळाला, बँकेला व्याज मिळालं. पण वाळूजच्या लहान कारखानदाराला त्या १५० गाड्यांतून फारसं काम मिळालं असेल असं वाटत नाही. त्याउलट वाळूजची बजाजची एक साधी मोटरसायकल घ्या, तिच्यावर आमच्या औद्योगिक वसाहतीतली किती शेडं जगली! वरच्या कोल्हापूरकरांचं म्हणणं भागांच्या बाबतीत पटतं, पण भाग इथं ओतले गेले तरच.

पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातून, आईच्या वतीनं मुलगी टाइप करते आहे

माझी खानावळ आहे. बावीस वर्षं झाली. समोर गाड्यांच्या सीटा शिवणारी कंपनी होती. आमच्याकडं रूमवर राहणारी पोरं जेवायची, बीडची, परभणीची, लातूरची, आयटीआय झालेली. रोजचे एकशे ऐंशी डबे जायचे. रात्रपाळीचे डबे मी साडेनऊला भरायचे. भाकरी गरम पाहिजे म्हणून दोन बाया फक्त भाकरीला.

त्या सीटा ज्या मोठ्या कंपनीला जायच्या, तिनं गाडीच बंद केली. मग समोरची एक पाळी गेली, मग दुसरी गेली. पोरं हिशेब करायला यायची. काही जणांनी दोन-दोन महिन्यांचे पैसे नंतर देतो म्हणून सांगितलं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी गावाहून फोन-पे केले. एकानं तीन वर्षांनी केले. डबे पस्तिसावर आले. भाकरीच्या बायांना मी नाही म्हणाले त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मोठी कंपनी देशी होती का परदेशी, हे इथं सगळे विचारतायत. ते लेकीनं मला आत्ता सांगितलं. तेव्हा आम्हाला एवढंच माहीत होतं की गाडी खपत नाही.

आता त्या शेडला नवीन पत्रे टाकलेत. मागच्या आठवड्यात त्यांचा एक साहेब चहाला आला होता. कुठल्या देशाची कंपनी ते मी विचारलं नाही, पाळ्या किती ते विचारलं. दोन म्हणाला, जूनपासून. बुधवारी मी ज्वारीचं एक पोतं जास्त भरलं आणि भाकरीवाल्या एका बाईला निरोप धाडला. दुसरी गावाला गेलीय, तिचा नंबर लागत नाही.