मदत हवी आहे: ब्रिजवरचे वीथ इंटरफेस मधेच डाउन होतात

लिनक्स सर्व्हरवर एक ब्रिज (सॉफ्टवेअरमधला नेटवर्क स्विच) आहे, त्याला कंटेनरचे (वेगळ्या कप्प्यात चालणाऱ्या प्रोग्रॅमचे) वीथ इंटरफेस जोडलेत. वीथ म्हणजे जोडीने येणारी आभासी नेटवर्क कार्डं: एक टोक होस्टवर, म्हणजे सर्व्हरवर, दुसरं कंटेनरमध्ये. सगळं सुरळीत चालू असताना मधेच एखादा डाउन होतो. कंटेनर जिवंतच असतो. हाताने 'आयपी लिंक सेट' वापरून अप केला की लगेच पूर्ववत.

डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींमध्ये) 'एन्टर्ड डिसेबल्ड स्टेट' एवढी एकच ओळ. केबल तपासा म्हणू नका, वीथला केबल कुठली! जोडीतलं कंटेनरकडचं टोक बंद झालं असतं तर होस्टकडच्या टोकावर 'नो-कॅरिअर' (पलीकडून सिग्नल नाही) दिसलं असतं आणि 'अप' फ्लॅग (इंटरफेस चालू ठेवल्याची खूण) तसाच राहिला असता. इथे तो फ्लॅगच गायब असतो. म्हणजे कोणीतरी मुद्दाम खाली पाडतंय.

पहिला संशय नेटवर्कमॅनेजरवर, म्हणजे नेटवर्क सांभाळणाऱ्या सेवेवर. वीथ आणि ब्रिज दोन्ही 'अनमॅनेज्ड' केले (त्याने हात लावू नये असे), तरी फरक नाही. 'आयपी मॉनिटर लिंक' चालू ठेवलं की बदलाची वेळ कळते, पण करणारा कोण ते नाही.

ती प्रोसेस पकडायची कशी? बीपीएफट्रेसने (चालू कर्नलवर नजर ठेवणाऱ्या टूलने) इंटरफेस बंद करणाऱ्या कर्नल फंक्शनवर केप्रोब (ते फंक्शन चाललं की कळवणारा सापळा) लावून प्रोसेसचं नाव छापावं असं डोक्यात आहे. चालू सर्व्हरवर कोणी असं केलंय का? की याहून सोपं काही आहे?