मदत हवी आहे: आवड बदलली, आता काय वाचू, काय बघू?

नमस्कार मंडळी. कॉलेजात असताना शिवाजी मंदिरला लागलेलं विनोदी नाटक सहसा चुकवायचे नाही, आणि वाचायचे त्या फक्त रहस्यकथा. आता ‘पुढे काय होतं’ यात मनच रमत नाही. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (२०१४) बघितला. त्यात कोर्ट सुटल्यावर कॅमेरा सरकारी वकील बाईंबरोबर लोकलने घरी जातो, त्या स्वयंपाकाला लागतात. कथानक पुढे सरकत नाही, पण बाई पुरती कळते. मला आता हेच हवंय.

मग महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक वाचलं, फार आवडलं. एलकुंचवारांच्या त्रयीतली पुढची दोन, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’, लागोपाठ वाचावीत की मध्ये थांबावं?

अशा संथ, माणसं उलगडणाऱ्या मराठी कादंबऱ्या कृपया सुचवा. जाडजूड चालतील, प्रवासात वाचते.

आणि दादरच्या छबिलदास शाळेत पूर्वी व्हायचे त्या वळणाचे प्रायोगिक नाटकांचे प्रयोग मुंबईत हल्ली नेमके कुठे होतात, ते आधी कुठे कळतं? मी बोरिवलीला राहते, त्यामुळे रविवार दुपारचे असतील तर फारच बरं. स्वतः पाहिलेलं असेल तेच सांगा, प्लीज.